डाव्या रकान्यातली माणसे

लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावाकडे पायी निघालेले आहेत. ज्याच्यावर सारी भिस्त ठेवली तो येशू क्रुसावर मेला, आणि कबर रिकामी असल्याच्या बायकांच्या बातमीने त्यांचा गोंधळ आणखीच वाढला आहे. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना येऊन मिळतो, त्यांचे म्हणणे ऐकून घेतो, त्यांना मंदबुद्धी म्हणून दटावतो आणि मग मोशे व सर्व संदेष्टे यांच्यापासून आरंभ करून शास्त्रांत आपल्याविषयी जे जे आहे त्याचा उलगडा करतो. लूक हे सारे एका वाक्यात आटोपतो. दिवस कलला, दोघांनी त्याला मुक्कामाचा आग्रह केला, त्याने भाकर मोडली आणि त्यांचे डोळे उघडले, हे तो निगुतीने सांगतो. पण त्या वाटेवर नेमके कोणते उतारे उलगडले गेले, त्यांची यादी मात्र देत नाही.

ती न दिलेली यादी भरून काढण्याचा खटाटोप ख्रिस्ती वाचकांनी तेव्हापासून आजपर्यंत केला आहे. आदाम, हाबेल, नोहा, मलकीसदेक, इसहाक, योसेफ, मोशे, यहोशवा, दावीद, योना: ही माणसे आपापल्या काळात जगली, चुकली, मेली, आणि मागाहून आलेल्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा त्यांच्या आयुष्यात येशूच्या आयुष्याची पूर्वछाया दिसू लागली.

तो खटाटोप मीही केला आहे. कॉलेजात असताना एका दोनशेपानी वहीत पट्टीने मधोमध रेघ मारून मी दोन रकाने केले होते. डावीकडे ‘छाया’ आणि उजवीकडे ‘सत्य’. योसेफाचे पान सर्वांत भरगच्च होते. बापाचा लाडका मुलगा; भावांनी केलेला द्वेष; चांदीच्या नाण्यांसाठी झालेली विक्री (डावीकडे वीस, उजवीकडे तीस, या फरकाने मला त्या वेळी जरा खट्टू केले होते); खोटा आरोप; तुरुंगातले दोन सोबती, ज्यांतला एक सुटला आणि एक मेला; फारोपुढे उभे राहताना वय तीस, आणि येशूने कार्यास आरंभ केला तेव्हा त्याचेही वय सुमारे तीस. नव्या करारात योसेफाला कोणीही येशूची पूर्वछाया म्हटलेले नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी मी थांबले नसते.

कित्येक वर्षांनी ती वही हाती लागली तेव्हा लक्षात आले की, डाव्या रकान्यातला योसेफ उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ नव्हताच. दुष्काळात मिसरी लोकांकडून धान्याच्या बदल्यात आधी पैसा, मग गुरेढोरे, मग जमिनी आणि शेवटी त्यांचे स्वतःचे देह फारोसाठी विकत घेणारा योसेफ सत्तेचाळिसाव्या अध्यायात स्पष्ट उभा आहे. माझ्या वहीत त्याचा मागमूस नव्हता. उजवीकडे त्याला जोड सापडली नव्हती म्हणून मी तो लिहिलाच नव्हता. उजवा रकाना भरण्याच्या नादात डाव्या रकान्यातली माणसे मी तासून तासून बारीक करत आणली होती, आणि या वाचनपद्धतीचे बळ आणि तिचा दोष दोन्ही त्या एका पानावर होते.

या पद्धतीला जो मूळ ग्रीक शब्द आहे तो ‘तूपोस’. ठोकणे, मारणे या क्रियापदापासून तो आला आहे आणि त्याचा पहिला अर्थ आहे घावाने उमटलेली खूण, शिक्क्याचा ठसा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल आदामाला ‘जो येणार होता त्याचा’ तूपोस म्हणतो. मराठीत तिथे प्रतिरूप असा शब्द वाचायची सवय आहे. पण हाच ग्रीक शब्द योहानाच्या विसाव्या अध्यायात थोमाच्या तोंडी येतो: येशूच्या हातांतली खिळ्यांची खूण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. आदाम आणि खिळ्याचा व्रण, दोन्हींना एकच शब्द! अनुवादात हा धागा तुटतो, आणि तो तुटू नये असे मला फार वाटते, कारण ‘छाया’ म्हटले की काहीतरी विरळ, हात लावता न येणारे डोळ्यांपुढे येते. ‘ठसा’ म्हटले की दाब जाणवतो, काहीतरी खरोखर कशावर तरी आदळले आहे हे कळते.

ठशाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. शिक्क्यावर जे उंच असते ते मेणावर खोल उमटते आणि जे उजवे असते ते डावे होते. पौलाचा आदाम नेमका असा आहे. तो येशूसारखा आहे असे पौल म्हणतच नाही; उलट एकाच्या आज्ञाभंगाने मरण आले आणि एकाच्या आज्ञापालनाने जीवन आले, असा तो हिशेब मांडतो. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लियोंचा बिशप आयरेनिअस याने हाच उलटा ठसा हव्वा आणि मरीया यांच्यात पाहिला: हव्वेच्या अवज्ञेने बसलेली गाठ मरीयेच्या आज्ञाधारकपणाने सुटली. गाठ जशी बसली त्याच्या उलट क्रमानेच ती सोडवावी लागते, हे ज्याने सुतळीचा गुंता सोडवला आहे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या सगळ्या यादीतले ज्याच्यापाशी मी पुन्हा पुन्हा जाते ते प्रकरण म्हणजे उत्पत्तीचा बाविसावा अध्याय. अवघ्या एकोणीस ओव्यांचे. (बायबलच्या वचनांना ओव्या म्हणत नाहीत हे मला माहीत आहे, पण या अध्यायापुरता तो शब्द माझ्या तोंडून जात नाही.) मुलाचा होम कर असे देवाने सांगितलेला अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडतो, दोन चाकर आणि मुलगा इसहाक यांना घेऊन निघतो. तिसऱ्या दिवशी मोरिया प्रांतातली ती जागा दुरून दिसते. चाकरांना तिथेच थांबवून तो लाकडे मुलाच्या अंगावर लादतो आणि विस्तव व सुरी स्वतःकडे ठेवतो. ‘आणि ते दोघे बरोबर चालले.’ मग मुलगा विचारतो की, विस्तव आहे, लाकडे आहेत, पण होमासाठी कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, देव स्वतः कोकरू पाहील, माझ्या मुला. ‘आणि ते दोघे बरोबर चालले.’ तेच वाक्य पुन्हा. दोन्ही वेळा शब्द तेच आहेत, पण पहिल्या वेळी चालणारा मुलगा आणि दुसऱ्या वेळी चालणारा मुलगा एकच असेल का, याविषयी लेखक अवाक्षर काढत नाही.

पाठीवर लाकूड घेऊन डोंगर चढणारा एकुलता एक मुलगा पाहून ख्रिस्ती वाचकाला क्रूस आठवला नसता तरच नवल. तिसरा दिवस, बापाचे न राखणे, कोकराविषयीचा प्रश्न, सगळेच त्या दिशेने बोट दाखवते. पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात देवाने ‘आपल्या स्वतःच्या पुत्राला राखून ठेवले नाही’ असे लिहितो तेव्हा जे ग्रीक क्रियापद वापरतो, तेच जुन्या ग्रीक अनुवादात अब्राहामाविषयी या अध्यायात आले आहे. तरीही एक अडचण उरते आणि ती किरकोळ नाही. इसहाक मरत नाही. सुरी उचललेला हात थांबवला जातो आणि झुडपात शिंगे अडकलेला एडका होमात जातो. म्हणून प्राचीन ख्रिस्ती व्याख्यात्यांना हा ठसा दोघांत वाटून द्यावा लागला: लाकडे वाहणारा इसहाकही ख्रिस्त आणि काट्यांत अडकलेला एडकाही ख्रिस्त, एक जिवंत परतणारा आणि एक मरणारा. इब्री लोकांस पत्राचा लेखक जास्त सावध आहे. अब्राहामाला मुलगा जणू मेलेल्यांतून, दाखल्यादाखल परत मिळाला, एवढेच तो म्हणतो.

ही गोष्ट ज्यांची होती त्यांनीही ती सोडून दिली नव्हती. यहुदी परंपरेत या प्रसंगाला ‘अकेदा’ म्हणजे बांधणे असे म्हणतात आणि नववर्षाच्या सणात, रोश हशानाला, तो वाचला जातो. उत्पत्तीवरील प्राचीन यहुदी भाष्यात, बेरेशीत रब्बात, इसहाकाने लाकडे उचलली या वाक्यावर एक ओळ आहे: जसा कोणी आपला क्रूस खांद्यावर घेऊन जातो तसा. ही ओळ ख्रिस्ती माणसाने लिहिलेली नाही. रोमी साम्राज्यात क्रूस हे फार माणसांच्या वाट्याला आलेले मरण होते आणि त्या भाष्यकारालाही इसहाकाच्या पाठीवर तेच दिसले. हे पहिल्यांदा वाचले त्या दिवशी माझ्या वहीतली मधली रेघ मला पहिल्यांदा खुपली.

फरात नदीकाठी, आजच्या सीरियात, दुरा-युरोपस नावाचे एक गाव होते. इ. स. २५६ च्या सुमारास ससानी फौजेने ते घेतले. वेढ्यापूर्वी तट बळकट करण्यासाठी तटालगतच्या इमारती मातीने भरून काढल्या होत्या, आणि त्या मातीखाली भिंतींवरची चित्रे टिकून राहिली. १९३२ मध्ये तिथले यहुदी लोकांचे सभास्थान उजेडात आले. तोरा, म्हणजे मोशेच्या ग्रंथाची गुंडाळी, ठेवण्याच्या कोनाड्याच्या वर, जिकडे साऱ्यांची नजर जाते अशा जागी, इसहाकाचे बांधणे रंगवलेले आहे. वर देवाचा हात, खाली एडका, वेदीवर लहानसा इसहाक, आणि हातात सुरी घेतलेला अब्राहाम पाठमोरा. त्याचा चेहरा चित्रकाराने दाखवलेलाच नाही. त्याच तटाला लागून थोड्या अंतरावर ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनाघर होते, आणि तिथल्या बाप्तिस्म्याच्या कुंडामागे खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ रंगवला आहे. त्याच्या पायाशी, कोपऱ्यात, अगदी छोटे आदाम आणि हव्वा. एकाच गावात, एकाच काळात, दोन समाज एकाच ग्रंथाकडे पाहत चित्रे काढत होते. त्यांनी एकमेकांची चित्रे पाहिली असतील का, हा विचार मला त्या चित्रांइतकाच गुंतवून ठेवतो.

मलकीसदेकाचे प्रकरण याच्या अगदी उलट, कारण तिथे मजकूर जवळजवळ नाहीच. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात लढाई जिंकून परतणाऱ्या अब्रामाला (अब्राहामाचे हे आधीचे नाव) शालेमचा हा राजा भाकर आणि द्राक्षारस घेऊन सामोरा येतो, तो परात्पर देवाचा याजक आहे, तो आशीर्वाद देतो, अब्राम त्याला दशांश देतो. तीन वचनांत माणूस आला आणि गेला. त्यानंतर एकशे दहाव्या स्तोत्रात त्याचे नाव एकदा चमकते: ‘मलकीसदेकाच्या संप्रदायाप्रमाणे तू युगानुयुग याजक आहेस.’ बस्स. एवढ्या भांडवलावर इब्री लोकांस पत्राच्या लेखकाने सातवा अध्याय उभा केला, आणि तो वाचताना मला नेहमी एखादा निष्णात वकील कोर्टात उभा असल्यासारखे वाटते.

त्याची अडचण खरी होती. याजक लेवीच्या वंशातलेच असावेत असा नियम, आणि येशू तर यहूदाच्या वंशातला. मग त्याला महायाजक म्हणायचे कोणत्या आधारावर? उत्तर असे की, लेवीच्या आधीही एक याजकपण होते. लेवी तर तेव्हा पणजोबा अब्राहामाच्या पोटीच होता, म्हणजे त्यानेही जणू मलकीसदेकाला दशांश दिला. आणि दशांश देणारा लहान, घेणारा मोठा. पुढे तो आणखी धाडसाचे बोलतो. मलकीसदेक बापावाचून, आईवाचून, वंशावळीवाचून आहे, असे तो लिहितो. ज्या पुस्तकात अमक्याला अमका झाला याची पानेच्या पाने आहेत, त्या पुस्तकात एका याजकाची वंशावळ नसणे हीच त्याने साक्ष मानली. जे लिहिलेले नाही त्यातून अर्थ काढण्याचे इतके निर्भीड उदाहरण मला दुसरे माहीत नाही. गंमत म्हणजे भाकर आणि द्राक्षारस यांविषयी हा लेखक एक शब्दही काढत नाही. ते तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन प्रभुभोजनाशी जोडतो. आणि इ. स. ५४७ मध्ये अर्पण झालेल्या राव्हेना येथील सान व्हिताले या चर्चच्या मोझेइकमध्ये ती जोडणी पूर्ण झालेली दिसते: एकाच मेजाच्या एका बाजूला कोकरू उचललेला हाबेल, दुसऱ्या बाजूला भाकर उचललेला मलकीसदेक, मध्ये प्याला. दोघे कधी भेटले नाहीत, भेटणे शक्यही नव्हते.

हा याजक फक्त ख्रिस्ती कल्पनेनेच मोठा केला, असे मात्र नाही. १९५६ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या गुंडाळ्यांत एक फाटकातुटका यहुदी मजकूर आहे, आणि त्यात मलकीसदेक शेवटच्या काळी न्याय करणारा, बंदिवानांना सोडवणारा स्वर्गीय पुरुष झाला आहे. तीन वचनांतल्या त्या पाहुण्याने दोन्ही घरांत मुक्काम ठोकला.

इथे एक गोष्ट सांगून टाकावी. मागच्या घटनेत पुढची पाहण्याची ही रीत ख्रिस्ती लोकांनी शोधलेली नाही. यहोशवा यार्देन नदी ओलांडतो तेव्हा पाणी थांबते, आणि हे तांबड्या समुद्रासारखेच झाले असे तोच ग्रंथ सांगतो. बाबेलच्या बंदिवासातून सुटका होणार हे सांगताना यशयाच्या पुस्तकातला संदेष्टा मिसरमधून सुटण्याचीच भाषा वापरतो: समुद्रातून वाट, रानात पाणी. जुने आठवू नका, मी नवे करत आहे, असे म्हणत म्हणत तो नवे सांगायला जुन्याचेच शब्द घेतो. पहिले ख्रिस्ती यहुदी होते आणि हे वाचन त्यांनी घरातच शिकले होते.

शिकलेले सगळेच नीट वापरले गेले असे नाही. यहोशवा आणि येशू हे मूळ एकच नाव, ग्रीकमध्ये दोघांनाही ‘येसूस’ असेच लिहितात, तेव्हा लोकांना वचनदत्त देशात नेणारा यहोशवा हा येशूचा ठसा ठरणे समजण्यासारखे आहे. यरीहोच्या राहाबेने खिडकीला बांधलेला किरमिजी दोर म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, असे पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या क्लेमेंटच्या पत्रात येते, तेही चालवून घेता येईल. पण बर्णबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्राचा लेखक अब्राहामाच्या ३१८ चाकरांपाशी येतो आणि म्हणतो की, ग्रीक अक्षरांनी आकडे लिहिले तर अठरा म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरे आणि तीनशे म्हणजे ‘ताऊ’, जे क्रुसासारखे दिसते! अब्राहामाला ग्रीक येत नव्हते आणि इब्री ग्रंथात हा आकडा शब्दांत लिहिला आहे, याची त्याला पर्वा नाही. यापेक्षा मौल्यवान शिकवण आपण कोणाला दिली नाही, अशी फुशारकीही तो वर मारतो. मला हा माणूस आवडतो, कारण माझ्या वहीत तो जागोजाग बसलेला होता.

पितळेच्या सापाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात रानातले लोक अन्नावरून कुरकुर करतात, विषारी साप येतात, माणसे मरतात, आणि मोशे सांगितल्याप्रमाणे पितळेचा साप करून खांबावर चढवतो. जो त्याच्याकडे पाहील तो जगेल. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याशी रात्री बोलताना येशू हीच गोष्ट स्वतःला लावतो: मोशेने जसा साप उंच केला तसे मनुष्याच्या पुत्राला उंच केले पाहिजे. जे डसते त्याच्याच आकाराकडे पाहून बरे व्हायचे, या विलक्षण कल्पनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या सापाचे पुढे काय झाले ते राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. कित्येक शतकांनंतर लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते, त्याला नहुश्तान असे नाव पडले होते, आणि हिज्कीया राजाने त्याचे तुकडे तुकडे केले. जी वस्तू दुसरीकडे पाहायला लावण्यासाठी होती तिच्याकडेच लोक पाहत बसले. वहीत माझ्याकडे साप होता, खांब होता, निकदेमही होता, हिज्कीया नव्हता.

या पद्धतीने काय वाचवले हेही नोंदवले पाहिजे. इ. स. १४४ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या पोंतसकडून आलेला मार्किअन रोमच्या मंडळीपासून फुटला. त्याचे म्हणणे सरळ होते: इब्री ग्रंथातला न्याय करणारा, रागावणारा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, म्हणून तो सारा ग्रंथ टाकून द्यावा. त्याने स्वतःसाठी लूकचे कापलेले शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे एवढेच ठेवले. त्याला उत्तर देणाऱ्यांच्या हातात जी हत्यारे होती त्यांतले मोठे हत्यार हेच ठशांचे वाचन होते. अब्राहाम, मोशे, योना येशूकडे बोट दाखवत असतील तर त्यांना घराबाहेर कसे काढणार? मार्किअन जिंकला असता तर ख्रिस्ती माणसाच्या बायबलात ना स्तोत्रे उरली असती, ना ईयोब, ना मोरियाचा तो चढ.

आणि त्याच हत्याराने कोणाला कापले, हेही त्याच काळात दिसते. सार्दिसचा बिशप मेलितो याने दुसऱ्या शतकात वल्हांडणावर, म्हणजे मिसरमधून सुटल्याच्या यहुदी सणावर, एक तालबद्ध प्रवचन केले. त्यात तो म्हणतो की, मूर्ती घडवण्यापूर्वी मेणाचा, मातीचा किंवा लाकडाचा नमुना करतात. काम पुरे होईपर्यंत तो मोलाचा, पण मूर्ती उभी राहिली की नमुना मोडून टाकायचा. दृष्टान्त देखणा आहे. पण मेलितोच्या मते तो मोडायचा नमुना म्हणजे इस्राएल, आणि त्याच प्रवचनात तो इस्राएलवर देवाला मारल्याचा आरोप ठेवतो. त्या आरोपाने पुढच्या शतकांत जिवंत माणसांचे काय केले ते इतिहासात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तो दोष यहुदी लोकांवर लादणे चूक असल्याचे लिहून काढले, म्हणजे मेलितोनंतर जवळजवळ अठराशे वर्षांनी.

या दोन टोकांच्या मध्ये उभा राहिलेला एक विद्वान माझ्या लेखी फार महत्त्वाचा आहे. एरिख आउअरबाख हा जर्मन यहुदी. नाझींनी त्याला १९३५ मध्ये विद्यापीठातून काढले आणि पुढच्या वर्षी तो इस्तंबूलला गेला. जुना करार चर्चमधून हद्दपार करावा अशी मागणी जर्मनीतल्या ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटातून होत होती, मार्किअनच पुन्हा उठून बसला होता. अशा वेळी, १९३८ मध्ये, आउअरबाखने ‘फिगुरा’ या एका लॅटिन शब्दाचा प्रवास लिहिला. त्याचे म्हणणे असे की, रूपकात एक टोक केवळ कल्पना असू शकते, पण फिगुरामध्ये दोन्ही टोकांना रक्तामांसाची, इतिहासातली माणसे असतात. मोशे ख्रिस्ताची पूर्वखूण असला तरी तो मोशे असण्याचे थांबत नाही. मेलितोचा मोडून टाकायचा नमुना आणि आउअरबाखचा न मोडणारा मोशे, यांत मला कोणाच्या बाजूला उभे राहायचे आहे हे त्या वहीने ठरवून टाकले होते.

योना घ्या. रोमच्या भुयारी कबरस्थानांत त्याच्याइतके वेळा रंगवलेले माणूस क्वचितच सापडेल: जहाजातून फेकला जाताना, माशाच्या तोंडातून बाहेर पडताना, आणि वेलाच्या सावलीत ऐसपैस पहुडलेला. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू स्वतःच त्याची खूण देतो, तीन दिवस आणि तीन रात्री. पण योनाचे पुस्तक माशापाशी संपत नाही. ते संपते चौथ्या अध्यायात, जिथे निनवे नगरी देवाच्या शिक्षेतून वाचली म्हणून योना फुरंगटून बसला आहे, वेल सुकला म्हणून मरण मागतो आहे, आणि देव त्याला एक प्रश्न विचारतो ज्याचे उत्तर पुस्तकात नाही. हा रुसलेला योना कोणत्याही उजव्या रकान्यात बसत नाही. कबरीवरच्या चित्रकारांनीही त्याला झोपवून टाकला. मला मात्र तो जागाच हवा आहे.

हे सगळे लिहिताना एक प्रकरण मी पुढे ढकलत आले. गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल अब्राहामाच्या मुलांच्या दोन आया, हागार आणि सारा, यांना दोन करार करतो. दासी हागार म्हणजे सिनाय डोंगर, गुलामगिरी, पौलाच्या काळातले यरुशलेम. स्वतंत्र सारा म्हणजे वरचे यरुशलेम, वचन, इसहाक. आणि मग तो उत्पत्तीतले साराचेच शब्द उचलतो: दासीला आणि तिच्या मुलाला घालवून दे. पौल पत्र लिहीत होता ते कोणाला काय शिकवायला, हे मला समजते. वाद मोशेच्या नियमशास्त्राच्या सक्तीचा होता. तरीही पोरासाठी पाणी संपल्यावर त्याला झुडपाखाली टाकून, त्याचे मरण पाहवत नाही म्हणून दूर जाऊन बसलेली हागार आठवते आणि तिला डोंगराचे नाव देणे मला जमत नाही.

हागार ही उत्पत्तीत देवाला नाव देणारी बाई आहे. सोळाव्या अध्यायात, गरोदर असताना छळाने पळालेली ती रानातल्या झऱ्यापाशी देवाला ‘मला पाहणारा’ म्हणते आणि त्या विहिरीला बैर-लहाय-रोई असे नाव पडते. त्या नावात ‘पाहणे’ हा धातू आहे. मोरियावर अब्राहामाने मुलाला दिलेल्या उत्तरात तोच धातू आहे, आणि एडका सापडल्यावर त्याने त्या जागेला दिलेल्या नावातही तोच आहे. पाहणाऱ्या देवाचे नाव दासीने आधी घेतले, कुलपतीने मागाहून.

बाविसाव्या अध्यायाच्या शेवटी अब्राहाम आपल्या चाकरांकडे परत आला असे लिहिले आहे. इसहाकाचा उल्लेख नाही. वर जाताना दोनदा आलेले ‘ते दोघे बरोबर चालले’ हे वाक्य उतरताना एकदाही येत नाही. तेविसाव्या अध्यायात सारा मरते, तिला पुरणारा अब्राहाम दिसतो, मुलगा दिसत नाही. तो दिसतो थेट चोविसाव्या अध्यायाच्या अखेरीस. संध्याकाळची वेळ आहे, इसहाक शेतात एकटाच बाहेर पडला आहे, नजर वर करतो तर उंट येताना दिसतात आणि त्यांतल्या एकावर रिबका आहे. तो कुठून आला होता, तेही लेखकाने तिथेच सांगून ठेवले आहे, आणि माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती: तो बैर-लहाय-रोईहून आला होता. बाप वारल्यावर त्याला पुरायला इसहाक आणि हागारेचा मुलगा इश्माएल दोघे मिळून येतात, आणि त्यानंतर इसहाक वस्ती करतो ती हागारेच्या त्याच विहिरीजवळ.